देवाच्या डोळ्यातलं कुसळ: 'द मोट इन गॉड्स आय' वाचताना पहिल्या शंभर पानांत गाडी का अडते?

अर्धवटराव
लॅरी निव्हन आणि जेरी पुर्नेल यांची १९७४ सालची कादंबरी. परग्रहवासीयांशी पहिल्या भेटीचा विषय निघाला की हिचं नाव निघतंच. पण सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण शंभरीच्या आत खूण घालून पुस्तक उशाशी ठेवतात, आणि खूण तिथेच राहते. पुस्तक आहे पाचशेच्या वर पानांचं. परग्रहवासी हवे म्हणून हातात घ्यावं, तर समोर येतात हुद्दे, सरदारक्या आणि जहाजांची दुरुस्ती.

वाचून झालेल्यांना तीन प्रश्न. पुढे जोडलेली पात्रयादी आणि सनावळी वाचायची की उडवायची? ऑल्डरसन ड्राइव्ह आणि लँगस्टन फील्ड नीट कळलं नाही तर पुढे अडतं का? आणि पन्नास वर्षांपूर्वीचं लिखाण आज कुठे खटकतं?

मोटींचं, म्हणजे पुस्तकातल्या परग्रहवासीयांचं, गुपित फोडू नका. अगदीच राहवत नसेल तर वर 'रसभंग' लिहा.

शेवगा
रुमाल टाकून ठेवतो.

कातळशिल्प
सनावळी उडवू नका. जेमतेम दोन पानांची आहे, पण अर्धं पुस्तक तिच्यावर उभं आहे. पहिली नोंद १९६९ ची, आर्मस्ट्राँग चंद्रावर. शेवटची ३०१७ ची, पहिली भेट. सगळं पाठ करायची गरज नाही. पुढच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एवढंच लिहा:

२८६२: मोट ताऱ्याकडून आलेला लेझरचा प्रकाश न्यू स्कॉटलंड या माणसांच्या ग्रहावर दिसू लागला.
२८८२: त्या प्रकाशावरून तिथे 'चर्च ऑफ हिम' नावाचा पंथ निघाला.
२९०२: प्रकाश एकाएकी बंद.
२९०३: माणसांच्या दुसऱ्या साम्राज्याची घोषणा.
३०१६: न्यू शिकागो ग्रहाचं बंड.

कादंबरी या शेवटच्या ओळीनंतर सुरू होते आणि गाडी तिथेच अडते. बंड मोडून झालंय, जहाज जखमी आहे, कुणाला बढती मिळालीय, कुणाला अटक झालीय, आणि वाचकाला यातलं काहीच माहीत नाही. मूळ हस्तलिखितात आधी एक अवकाशयुद्ध होतं. विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी हस्तलिखित वाचून लांबलचक पत्र पाठवलं, त्यानंतर बरीच काटछाट झाली आणि ती लढाईही गेली. पुढे ती 'रिफ्लेक्स' नावाची स्वतंत्र कथा म्हणून छापली गेली. थोडक्यात, आपण लग्नाला पोचतो तेव्हा पंगत उठलेली असते. वाचणाऱ्याचा दोष नाही.

आता पात्रं. यादीत नावं भरपूर आहेत, एक कार्ड करा, त्यावर आठ पुरतात. ब्लेन (मॅकआर्थर जहाजाचा कप्तान), रेनर (मार्ग आखणारा अधिकारी, तोंडाचा फटकळ), सॅली फाउलर (मानववंशशास्त्रज्ञ), बरी (बडा व्यापारी, बंडाला फूस दिल्याच्या संशयावरून जहाजावर नजरेखाली), कुतुझोव (लेनिन या दुसऱ्या जहाजावरचा अॅडमिरल), हॉर्वाथ (विज्ञानमंत्री), हार्डी (पाद्री आणि भाषातज्ज्ञ), बकमन (खगोलशास्त्रज्ञ). खाली बारीक अक्षरात व्हिटब्रेड, पॉटर, स्टेली ही तीन शिकाऊ पोरं. शेवटी लिहा, पण लिहाच.

चहा_कमी_साखर
बकमन माझ्या मते पुस्तकातला सर्वांत खरा माणूस. मानवजात पहिल्यांदा परग्रहवासीयांना भेटायला निघालीय आणि याला फक्त कोळशाच्या पोत्यातल्या नव्या जन्मणाऱ्या ताऱ्याची निरीक्षणं हवीत. प्रत्येक विद्यापीठात असा एक असतोच.

शेवगा
कोळशाचं पोतं?

दुर्बिणवाला
कोलसॅक. खराखुरा कृष्णमेघ आहे, त्रिशंकूच्या शेजारी, पृथ्वीपासून साधारण ६०० प्रकाशवर्षांवर. त्यावर नंतर येतो, आधी दुसरा प्रश्न.

ऑल्डरसन ड्राइव्ह असा समजा. दोन ताऱ्यांमध्ये एक अदृश्य ट्रामलाइन असते. पुस्तकातही ट्रामलाइनच म्हणतात. तिच्या टोकाला आकाशात एक ठरावीक जागा असते. जहाज त्या जागी नेऊन यंत्र चालू केलं की शून्य वेळात दुसऱ्या ताऱ्यापाशी. पण त्या जागेपर्यंत जायला आणि पलीकडे उतरल्यावर ग्रहापर्यंत पोचायला साधं इंजिन, साधे आठवडे. एसटीसारखं आहे: हात दाखवा आणि गाडी थांबवा चालत नाही, थांब्यावर चालत जावं लागतं. प्रत्येक दोन ताऱ्यांत लाइन असेलच असंही नाही. आणि उडीनंतर माणसं काही वेळ गरगरलेली असतात, संगणकांचंही ताळतंत्र सुटतं. म्हणजे पलीकडे शत्रू टपून बसला असेल तर पहिला वार त्याचा.

एवढं कळलं की नकाशा आपोआप कळतो. मोट ताऱ्याची एकुलती लाइन मर्चिसन्स आय या तांबड्या महाराक्षसी ताऱ्याकडे जाते, आणि तिचं टोक ताऱ्याच्या बाहेर नाही, ताऱ्याच्या आत आहे. विरळ बाहेरच्या थरात, पण आतच.

चहा_कमी_साखर
यात आणखी एक भर: प्रकाशापेक्षा वेगवान बिनतारी नाही. निरोप जहाजानेच जातो. म्हणून कप्तान आणि अॅडमिरल जे ठरवतील तेच साम्राज्याचं धोरण. राजधानीला विचारून घेतो म्हणायची सोय नाही. पहिल्या भागातली हुद्द्यांची कटकट यासाठीच आहे. कुणाचा हुकूम कुणावर चालतो हे कळलं नाही तर मधल्या दोनशे पानांतला कुतुझोव नुसता खडूस म्हातारा वाटतो. त्याला दिलेली आज्ञा नीट वाचा: मानवी तंत्रज्ञानातल्या दोन गोष्टी मोटींच्या हाती पडता कामा नयेत, त्यासाठी मॅकआर्थर स्वतः उडवावं लागलं तरी चालेल. त्या दोन गोष्टी म्हणजे हाच ड्राइव्ह आणि हेच फील्ड.

निळावंती
फील्डबद्दल कुणी लिहिणार आहे की मी लिहू?

लँगस्टन फील्ड म्हणजे जहाजाभोवतीचा काळा फुगा. येईल ती ऊर्जा तो पिऊन टाकतो, लेझर असो की स्फोट, आणि मग पृष्ठभागावरून हळूहळू बाहेर सोडतो. जितकी साठली तितका रंग चढतो: काळा, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. त्याच्याही पुढे गेलं की फुगा फुटतो आणि साठलेलं सगळं आत, जहाजावर. एकाच जागी मारा झाला तर तेवढ्या भागात भोक पडून ऊर्जा आत शिरते. लढाईचं वर्णन वाचताना फक्त रंगाचा शब्द शोधा, कोण हरतंय ते लगेच कळतं. आणि फुग्याला थंड व्हायला बाहेर गारवा लागतो. ताऱ्याच्या पोटात फील्ड लावून उभं राहणं म्हणजे भट्टीत बसून घाम सुकवणं. किती वेळ तग धरेल याची मुदत ठरलेली, म्हणून तिथली पानं भराभर उलटतात.

मोटींकडे फील्ड नाही. आता ही ओळ आणि दुर्बिणवाल्यांची शेवटची ओळ शेजारी शेजारी ठेवा.

शेवगा
अरे देवा.

सातवा_मजला
हिरवा? तापलेली वस्तू हिरवी कधीच दिसत नाही. तांबडी, नारिंगी, पिवळसर, पांढरी, मग निळसर पांढरी. लोहाराच्या भात्यासमोर उभं राहा. विज्ञाननिष्ठ म्हणून मिरवायचं आणि दहावीचं भौतिकशास्त्र चुकवायचं.

निळावंती
चूक पकडलीत ती बरोबर, कारण सांगून टाकते. वीनच्या नियमाने ५८०० केल्विनला सर्वाधिक प्रारण साधारण ५०० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्यातच. आपला सूर्य तसाच आहे. पण त्याच वेळी लाल आणि निळाही भरपूर येतो, म्हणून डोळ्याला पांढरा. शिखर जांभळ्यात, ४०० नॅनोमीटरला न्यायचं तर ७२०० च्या वर केल्विन लागतात, आणि तेव्हाही दिसणार निळसर पांढराच. लेखकांनी शिखराचाच रंग डोळ्याला दाखवलाय. वाचकासाठी तो सिग्नलचा दिवा आहे, तसाच वाचावा. लोहाराची उपमा चिकटवायचीच असेल तर 'पिवळा' आला की अर्धी वाट, 'निळा' आला की देव आठवा.

गणिताचा_तास
सनावळीवरून एक गंमत करता येते. मोट ते न्यू स्कॉटलंड अंतर ३५ प्रकाशवर्षं. लेझरचा प्रकाश दिसला २८६२ ला. त्या लेझरने ढकललेलं मोटींचं शिडाचं यान पोचलं ३०१७ ला. म्हणजे १५५ वर्षं. ३५ भागिले १५५ बरोबर ०.२२६. सरासरी वेग प्रकाशाच्या साडेबावीस टक्के. भन्नाट!

निळावंती
मास्तर, तो प्रकाश न्यू स्कॉटलंडला *दिसला* २८६२ ला. निघाला कधी? ३५ वर्षं आधी, २८२७ ला. यान त्याच सुमारास निघालं. म्हणजे प्रवास १९० वर्षांचा. ३५ भागिले १९०, सुमारे १८ टक्के.

गणिताचा_तास
बाकावर उभा राहतो. या वेगाला यानातला काळ किती मंदावतो? १९० वर्षांतली तीनेक वर्षं वाचतात, बस. आतल्या प्रवाशाला त्याचा काही फायदा नाही.

लेझर चालला २८६२ ते २९०२, चाळीस वर्षं. चाळीस वर्षं एक अख्खी जमात एका शिडावर प्रकाश मारतेय आणि मग एकदम बंद करते. का बंद केला, हा प्रश्न कार्डाच्या मागे लिहून ठेवा. उत्तर पुस्तकात आहे, मी सांगणार नाही.

दुर्बिणवाला
शिडाबद्दल थोडं. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यप्रकाशाचा आरशावर दाब पडतो चौरस मीटरला साधारण ९ मायक्रोन्यूटन. एक चौरस किलोमीटर शीड उघडलं तरी जेमतेम किलोभर वजनाएवढा रेटा. म्हणून एवढा प्रचंड लेझर, एवढं अवाढव्य शीड आणि एवढीशी कुपी. पोचताना ब्रेक लावायला फक्त समोरच्या ताऱ्याचा उजेड, आणि तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग मारण्याचं खरं काम अगदी शेवटी, ताऱ्याला जवळजवळ घासून जाताना. यानाची वाट तशी का आहे आणि मॅकआर्थरला ते पकडायला तिथल्या सूर्याच्या एवढं जवळ का जावं लागतं, याचं कारण हे. पाठलागाची ही प्रकरणं पहिल्या शंभर पानांतलं बक्षीस आहे. तिथपर्यंत पोचलात की पुस्तक सुटत नाही.

हे निव्वळ कल्पनेतलंही राहिलेलं नाही. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये सौर शीड अवकाशात उघडून चालवून दाखवलं.

बोरूबहाद्दर
सगळे भौतिकशास्त्रात रमलेत, शीर्षकाकडे कुणी बघत नाही. धागाकर्त्यांनी मथळ्यात 'कुसळ' लिहिलं याबद्दल त्यांना माझ्याकडून एक नारळ. 'मोट' म्हणजे धुळीचा कण असं भाषांतर दिसलं तर समजावं की करणाऱ्याने शब्दकोश उघडला, पुस्तक नाही. मूळ संदर्भ मत्तयच्या शुभवर्तमानातला आहे आणि मराठी बायबलात तिथे कुसळ-मुसळच आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही. इंग्रजी वाचकाला हे शीर्षक जरा थांबून उलगडावं लागतं. आपल्याकडे आजीच्या तोंडी आहे.

गोष्टीतही ते चपखल बसतं. न्यू स्कॉटलंडवरून कोळशाचं पोतं टोपी पांघरलेल्या माणसासारखं दिसतं, मर्चिसन्स आय हा त्याचा लाल डोळा, आणि डोळ्याच्या कडेला मोट हा बारीक पिवळा ठिपका. त्यात चाळीस वर्षं लेझरचा हिरवा झगझगाट. लोकांनी देव मानलं यात नवल काय? आणि पुस्तकभर माणसं मोटींच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडतात. मुसळाचं तुम्ही वाचाच.

शेवगा
मला वाटलं मोट म्हणजे विहिरीची मोट. बैल कुठेत म्हणून शोधत होतो.

बोरूबहाद्दर
दिवा घेतला. पण भाषांतर करणाऱ्याची मोट खरंच फाटणार आहे. तीन जागा बघा.

एक, 'क्रेझी एडी'. मोटींच्या लोककथांतलं पात्र. ज्या अडचणीला उपायच नाही तिला उपाय शोधायला जातो आणि होतं तेही घालवतो. शहर माणसांनी फुटायला आलंय, कचरा उचलला नाही तर दोन दिवसांत कोसळेल, अशा वेळी सफाई कामगारांना चांगल्या सोयींसाठी संपावर नेणारा तो क्रेझी एडी. मोटी त्याला हसतातही आणि मानतातही. याला मराठीत 'येडा एडी' हे नाव दैवानेच राखून ठेवलेलं आहे.

दोन, हात. मोटींना उजवीकडे दोन नाजूक हात, डावीकडे एकच दांडगा. इंग्रजीत 'एका हातावर हे, दुसऱ्या हातावर ते' अशी वाद घालायची रीत आहे, तिला मोटींची तिसरी पायरी जोडली जाते: 'आणि पकडीच्या हातावर...'. १९९३ च्या दुसऱ्या भागाचं नावच ते आहे. आपण हातावर वाद घालतच नाही, 'एकीकडे, दुसरीकडे' म्हणतो. 'तिसरीकडे' म्हटलं तर हात गेला. माझा कौल 'डाव्या हाताने बघायचं तर'. तिन्हीत जड पारडं कुठलं हे त्यात येतं, कारण त्यांचा डावा हात आपल्या डाव्यासारखा दुय्यम नाही.

तीन, 'फ्युंच' आणि पुढे कंसात 'क्लिक'. मध्यस्थ जातीचा मोटी एकेका माणसाला वाटून दिलेला असतो. तो त्या माणसाची भाषा, लकबी, विचार करायची पद्धत इतकी उचलतो की शेवटी त्याच्यासारखाच बोलू लागतो. अशा मोटीला आणि त्याच्या माणसाला मिळून हा शब्द. कंसातला आवाज आपण रोज काढतो. कुणाचं वाईट झालं की जीभ दातांमागे टेकवून 'च्‌च्‌' करतो ना, तोच. मराठीत तर त्याला क्रियापद आहे: चुकचुकणे. मनात वाचताना तिथे खरंच चुकचुका, शब्द एकदम जिवंत होतो.

चहा_कमी_साखर
तिसऱ्याला +१. दुसऱ्याला ठाम नकार. 'डाव्या हाताने' म्हटलं की मराठी वाचकाला 'डाव्या हाताचा खेळ' आठवणार, म्हणजे सोपं काम. अर्थ बरोबर उलटा. 'मुठीतल्या हातावर' चालेल का?

बोरूबहाद्दर
'मुठीतल्या' नको, 'मूठ म्हणते' बघा. 'एक हात म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो चला, आणि मूठ म्हणते पळा.'

चहा_कमी_साखर
हे घेतलं.

सातवा_मजला
भाषेचं कौतुक झालं असेल तर तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. एकतिसावं शतक, आणि एवढ्या मोठ्या युद्धनौकेवर स्त्री एकच. तीही सरदारघराण्यातली, आणि तिचं काय होणार हे पहिल्या काही प्रकरणांत कळतं. रशियन अॅडमिरल रशियन विनोदातला, स्कॉटिश अभियंता स्कॉटिश विनोदातला, अरब व्यापारी म्हटला की कारस्थानी. सनावळीत तर १९९० मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ करार करून जगाची वाटणी करून घेतात. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी संघ विसर्जित. मोटी इतके बारकाईने रचले आणि माणसं पुठ्ठ्याची.

कातळशिल्प
मुद्दे मान्य, पण सनावळीचा खुलासा करतो. हा इतिहास या पुस्तकासाठी बनवलेलाच नाही. पुर्नेल यांच्या आधीच्या कथांचा तो सांगाडा आहे आणि ही कादंबरी त्यात बसवली. साम्राज्य, आरमार, ट्रामलाइनी तिथून आल्या. मोटींसारखे जीव रचणं ही निव्हन यांची खासियत. म्हणून माणसांचा भाग जुन्या आरमारी कादंबरीसारखा लागतो आणि मोटींचा भाग कोड्यासारखा. सांधा कुठे आहे ते वाचताना जाणवतं.

निळावंती
सॅलीबद्दल सातवा_मजला यांच्याशी सहमत. त्यात एक प्रसंग असा आहे की ती मोटींना माणसांच्या चालीरीती समजावते, आणि काय सांगायचं, काय गाळायचं हे ती ज्या संकोचाने ठरवते त्यातून मोटींना भलतंच कळतं. जुनाट विचार लेखकांचे की पात्राचे, हे त्या पानांवर ठरवता येत नाही, आणि कथानकाला मात्र त्याचा चोख उपयोग होतो.

बरीला मात्र सुरुवातीला खलनायक ठरवून मोकळे होऊ नका. मोटी बघून सगळ्यात आधी घाबरतो तो, आणि बरोबर कारणासाठी घाबरतो.

खारीचा_वाटा
रसभंग, पण अगदी सौम्य. मोटींचं तंत्रज्ञान कसं ओळखायचं याची एक खूण. त्यांच्याकडे दोन वस्तू सारख्या नसतात. नट-बोल्ट, सुटे भाग, ठरलेली मापं हा प्रकारच नाही. प्रत्येक वस्तू वापरणाऱ्यासाठी घडवलेली, आणि एकाच तुकड्याला दोन-तीन कामं: कंस आधारही देतो, उष्णताही वाहतो, तारही असतो. अभियंता मोटीच्या हातात एका शिकाऊ अधिकाऱ्याचं पिस्तूल पडतं आणि तो त्याची मूठ बरोबर त्या पोराच्या हाताच्या मापाची करून देतो. सगळे खूश. त्या पानावर थांबा आणि विचार करा: असे कारागीर तुमच्या जहाजात मोकळे फिरले तर जहाज तुमचं किती दिवस राहील? छोट्या, घड्याळजी म्हणवणाऱ्या मोटींचा उल्लेख आला की पान दुमडून ठेवा. आणि मुळात एवढी हुशार जमात अजून एकाच ताऱ्याभोवती का अडकली आहे, तर त्याचं कारण असं की त्यांना

(या प्रतिसादातल्या पुढच्या तीन ओळी काढल्या आहेत. 'सौम्य' या शब्दाचा अर्थ सदस्यांनी तपासून घ्यावा. – संपादक)

शेवगा
मी वाचल्या. च्‌च्‌.

गणिताचा_तास
एवढी कसरत करण्यापेक्षा 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' घ्या की. २०१५ चा ह्यूगो पुरस्कार आहे, पहिल्या पानापासून पकडतं.

कातळशिल्प
पकडतं हे खरं, पण प्रकार वेगळा. तिथे पहिल्या भागात समोरासमोर भेट नाही, येणार ही धास्ती आहे. मोटमध्ये एका खोलीत बसून दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवालपवी करतात, पुस्तकाचा मोठा भाग तोच आहे. परक्या मनाच्या घडणीत शिरायचं असेल तर व्हर्नर विंज यांचं 'अ फायर अपॉन द डीप' (१९९२) जवळचं: चार-सहा कुत्र्यासारखे जीव मिळून एक व्यक्ती. ते मात्र पहिल्या पन्नास पानांत याच्यापेक्षा अवघड आहे. तिथे सनावळीही नाही.

मराठीत एवढ्या पसाऱ्याची अवकाशगाथा सहज हाती लागत नाही. नारळीकरांचा पिंड वेगळा होता. 'वामन परत न आला' मध्ये परकी संस्कृती वरून येत नाही, जमिनीखाली पुरलेल्या पेटीत सापडते. अनोळखी तंत्रज्ञान घरात घ्यावं का, हा प्रश्न मात्र मोटचाच. दोन्ही लागोपाठ वाचण्यासारखी.

दुर्बिणवाला
कोळशाच्या पोत्याचं राहिलं होतं. पुस्तकातले तारे काल्पनिक, हा मेघ खरा. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू उभा असतो, त्याच्या डाव्या अंगाला खालच्या बाजूला हा काळा डाग. मुंबईहून क्षितिजापासून जेमतेम ८ अंश वर येतो, म्हणजे धुरकटात गेलाच. कोल्हापुराहून १० अंश, पणजीहून साडेअकरा. दक्षिणेला दिवे नसलेला किनारा किंवा सडा लागतो आणि चंद्र नसलेली रात्र. तारा शोधत असतो तसा शोधू नका. आकाशगंगेच्या पट्ट्यात जिथे काहीच नाही असं वाटेल, ते. साम्राज्याच्या नकाशावर तो पलीकडून, चेहरा म्हणून दिसतो. आपण त्याच्या पाठीमागे आहोत.

अर्धवटराव
तिन्ही प्रश्न सुटले. आता शेवटचं व्यवहारी: पानं कशी वाटून घ्यावीत? रोज वीस पानं ठरवली तर महिना लागतो, आणि मध्ये खंड पडला की नावं पुसली जातात.

कातळशिल्प
सपाट वीस नको. पुस्तक चार भागांत आहे, ताण प्रत्येकात वेगळा. पहिला भाग दोन-तीन बैठकांत उरका, निदान शिडाच्या यानातून काय निघतं तिथपर्यंत. कुठल्याही परिस्थितीत त्याच्या आधी पुस्तक मिटून आठवडाभर सोडू नका, खूण तिथेच गाडली जाते. दुसरा भाग सावकाश, कारण जिवंत मोटी तिथे येतात आणि त्यांच्या जाती ओळखायला वेळ लागतो. कार्डाच्या मागच्या बाजूला रंगाने मांडा: पांढरा तो मालक, तपकिरी तो अभियंता, तपकिरी-पांढरा मिश्र तो मध्यस्थ. मिश्र रंग का, हेही कळतं पुढे. तिसऱ्यात ग्रहावरची दृश्यं आहेत, तिथे वेग आपोआप वाढतो. संग्रहालय आलं की त्या प्रकरणापुरता फोन दुसऱ्या खोलीत. चौथा भाग जवळजवळ सगळा बोलाचालीचा, वाटाघाटींचा. तिथे पुन्हा काही जण गळतात, लढाई संपली आता काय उरलं म्हणून. खरा सामना तिथे आहे. कोण काय *बोलत नाही* ते बघत राहा.

चहा_कमी_साखर
ई-पुस्तक असेल तर सनावळीच्या पानाला आधीच खूण घालून ठेवा. बरीच यंत्रं उघडल्याबरोबर थेट पहिल्या प्रकरणावर नेतात, मागे सनावळी आहे हेच कळत नाही. श्राव्य आवृत्तीत तर ती एकदा वाचून पुढे जातात, तेव्हा कागदावरचं कार्ड हवंच.

अर्धवटराव
कार्ड झालं. पुढे आठ, मागे तीन रंग आणि 'लेझर का बंद झाला?'. दुसरा भाग, म्हणजे ते मुठीचं, लगेच घ्यावा का?

निळावंती
कथेत पाव शतक उलटल्यावर ते सुरू होतं, आणि मध्यभागी बरी आणि रेनर. पहिल्याचा शेवट तुम्हाला न्याय्य वाटला तर थांबा. खटकला तर घ्या.

सातवा_मजला
मला खटकला होता. दुसऱ्यात त्याचा हिशेब लागतो, पण घाई करू नका. एक हात म्हणतो वाचा, दुसरा म्हणतो ठेवा.

शेवगा
आणि मूठ म्हणते आधी शंभराव्या पानाच्या पुढे जा. रुमाल उचलतोय.